नैसर्गिक वायूचा शोध आणि बाजारपेठेचे सान्निध्य : अमरावती-अकोला भागाचा विचार

खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचा उल्लेख आपण नेहमी एका दमात करतो. दोन्ही भूगर्भात एकाच प्रकारच्या खडकांत तयार होतात, दोहोंचा शोधही एकाच पद्धतीने घेतला जातो. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने ही दोन भावंडे अगदी निराळ्या स्वभावाची आहेत. तेल पिंपात भरता येते, रेल्वेच्या टाकीतून किंवा जहाजातून हवे तेथे नेता येते आणि भाव पडला तर काही दिवस साठवूनही ठेवता येते. वायूच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट सहज साधत नाही. तो निघाल्याबरोबर वाहिनीत शिरला पाहिजे आणि वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला तो जाळणारी चूल, भट्टी किंवा जनित्र तयार असले पाहिजे. म्हणून तेलाच्या शोधात ‘कोठे आहे?’ हा पहिला प्रश्न असतो, तर वायूच्या शोधात ‘कोठे खपेल?’ हा प्रश्न त्याच्या बरोबरीने विचारावा लागतो. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. तो का, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शाळेतील विद्यार्थ्यांना सहज समजावून सांगता येईल असा एक हिशेब येथे मांडतो. साधारण दाबाखाली एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळल्यास जवळजवळ एक लिटर डिझेलइतकी उष्णता मिळते. रस्त्याने धावणाऱ्या डिझेलच्या टँकरमध्ये बारा हजार लिटर डिझेल मावते असे समजू. त्याच टाकीत साध्या दाबाचा वायू भरला तर तो अवघा बारा घनमीटर, म्हणजे बारा लिटर डिझेलच्या तोडीचा भरेल. मोटारसायकलीची एक टाकी भरावी इतकेच इंधन नेण्यासाठी सगळा टँकर धावणार! वायू दोनशे पटींनी दाबला तर परिस्थिती सुधारते. उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून त्याचा द्रव केला तर आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. पण दाबण्यासाठी मजबूत नळकांडी लागतात आणि द्रव करण्यासाठी प्रचंड भांडवलाचा कारखाना लागतो. लहानशा वायुसाठ्याला हा खर्च पेलवत नाही. त्याला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जवळचे गिऱ्हाईक.

दूरचा मोठा साठा, जवळचा लहान साठा

अमेरिकेच्या अलास्का प्रांतात प्रुडो उपसागरापाशी १९६८ मध्ये तेलाचा व वायूचा अवाढव्य साठा सापडला. तेलासाठी १९७७ मध्ये वाहिनी झाली आणि ते जगाच्या बाजारात गेले. वायू मात्र तेथून बाहेर नेण्यास वाहिनी नाही. त्यातील फार मोठा भाग पुन्हा जमिनीतच दाबून परत पाठवावा लागला. याउलट नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे १९५९ मध्ये सापडलेला साठा दाट लोकवस्तीच्या अंगणातच होता. दहा-बारा वर्षांत त्या देशातील बहुतेक घरे त्याच्याशी जोडली गेली. पुढे वायू उपसल्याने जमीन खचून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि २०२३ मध्ये तेथील उत्पादन थांबविण्यात आले. बाजारपेठ जवळ असणे म्हणजे माणसांची घरेही जवळ असणे, ही त्या सोयीची दुसरी बाजू होय. तिचा विचार पुढे येईलच.

आपल्या देशातही अशीच जोडी दाखविता येते. गुजरातेत खंबातजवळ १९५८ मध्ये तेल व वायूचा शोध लागला. तेथील वायुसाठे जागतिक मापाने मोठे नव्हते. पण धुवारणचे वीजकेंद्र, वडोदऱ्याचे कारखाने आणि खुद्द वडोदरा शहर हाकेच्या अंतरावर होते. वडोदऱ्यात १९७२ पासून घरोघर नळाने वायू जाऊ लागला, म्हणजे मुंबईकरांना ती सोय मिळण्याच्या वीस-बावीस वर्षे आधी. त्रिपुरातही सत्तरीच्याच दशकात चांगल्या प्रतीचा वायू मिळाला. परंतु सभोवार परदेशाची सीमा, रेल्वे अपुरी, मोठे उद्योग नाहीत. त्यामुळे त्या वायूचे मोल वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. पालाटाणा येथील सुमारे ७२६ मेगावॉटचे वीजकेंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. त्याची अवजड यंत्रसामग्री बांगलादेशातून न्यावी लागली होती. वायू बाहेर नेता येत नाही म्हणून त्याची वीज करून ती तारेने बाहेर न्यायची, असा तो द्राविडी प्राणायाम होता.

महाराष्ट्राचा अनुभव या दोहोंच्या मध्ये बसतो. ‘बॉम्बे हाय’चा शोध १९७४ मध्ये लागला आणि १९७६ मध्ये तेथून तेल येऊ लागले. तेलाबरोबर निघणाऱ्या वायूसाठी समुद्रातून उरणपर्यंत वाहिनी झाली, तुर्भ्याच्या खत कारखान्याने तो घेतला, १९८२ मध्ये उरणला वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले आणि पुढे थळला खत कारखाना झाला. तरीही गिऱ्हाईक तयार होण्याच्या वेगापेक्षा वायू निघण्याचा वेग अधिक होता आणि त्याचा मोठा भाग बरीच वर्षे समुद्रातच जाळून टाकावा लागला. वसई क्षेत्रातील वायू तर हजिरा येथे किनाऱ्यास लागला आणि ऐंशीच्या दशकात हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने उत्तरेकडे गेला. त्या वाटेवरील खत कारखान्यांनी ती बाजारपेठ निर्माण केली, हे मान्यच आहे. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरचा वायू मध्य प्रदेश ओलांडून उत्तर प्रदेशात पोचला आणि वऱ्हाडातील एकाही गावाला त्याचा वास लागला नाही, ही नोंद केल्यावाचून राहवत नाही.

वऱ्हाडची वाट : रूळ आणि वाहिनी

मुख्य मार्ग आणि त्याला जोडणारी शाखा यांचे महत्त्व वऱ्हाडला कोणी शिकविण्याची गरज नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात कापसासाठी या मुलखात आला, तेव्हा तो बडनेऱ्यावरून गेला; अमरावतीला शाखा काढावी लागली. खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबहून शाखा निघाली. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारा अरुंद मार्ग, लोकांची ‘शकुंतला’, त्याच गरजेतून झाला. ज्या बाजाराला शाखा मिळाली तो फुलला, ज्याला मिळाली नाही त्याच्या गाड्या बैलांनी ओढल्या.

वायूच्या बाबतीत आज तीच अवस्था पुन्हा आली आहे. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायुवाहिनीचा मुंबई ते नागपूर हा टप्पा बराचसा समृद्धी महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यातून टाकण्यात आला आहे. हा महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून २०२५ मध्ये तो संपूर्ण खुला झाला. तो अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, धामणगाव, चांदूर रेल्वे व नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. तेथून तो वाशिम व बुलढाण्याकडे वळतो. अकोला जिल्हा त्याच्या उत्तरेस राहतो. म्हणजे रेल्वेच्या वेळी मुख्य मार्गावर असलेले अकोला या वेळी शाखेवर आहे, आणि अमरावती शहर दोन्ही वेळा शाखेवरच!

बाजारपेठ म्हणून या भागाची ताकद किती? २०११ च्या जनगणनेप्रमाणे अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार आणि अकोल्याची सुमारे ४ लाख २६ हजार होती. नांदगाव पेठ येथील वस्त्रोद्योगाला रंगाई-धुलाईसाठी वाफ लागते. अकोल्यात डाळमिला व तेलगिरण्या आहेत. बसगाड्या, रिक्षा आणि मालमोटारी सर्वत्र आहेत. एखादा प्रचंड खत कारखाना नाही, हे खरे. पण लहान-लहान गिऱ्हाइकांचा समुदाय हा लहान साठ्याला मोठ्या गिऱ्हाइकापेक्षा अधिक मानवतो. खत कारखान्याला रोज ठरलेला मोठा पुरवठा लागतो आणि तो न मिळाल्यास यंत्रे थांबतात. शहराची मागणी मात्र पुरवठ्याबरोबर गल्लीगल्लीने वाढविता येते.

मुख्य वाहिनी जवळ आल्याने शोधाचे गणित कसे बदलते ते येथे ध्यानात येईल. वाहिनी नसताना वऱ्हाडात मध्यम आकाराचा साठा सापडला असता, तर त्यासाठी शेकडो किलोमीटरची नवी वाहिनी टाकावी लागली असती आणि बहुधा ती विहीर बुजवून टाकली गेली असती. आता तीच विहीर चाळीस-पन्नास किलोमीटरच्या शाखेने देशाच्या जाळ्याला जोडता येईल. १ एप्रिल २०२३ पासून परस्परांशी जोडलेल्या वाहिन्यांना एकीकृत वहनदर लागू झाल्यामुळे दूर अंतराचा भार काहीसा हलका झाला आहे. त्यामुळे सान्निध्याचे महत्त्व संपले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. एकीकृत दर हा वाहिनीत शिरलेल्या वायूला आहे. वाहिनीच्या तोंडापर्यंत येण्याचा खर्च ज्याचा त्यानेच सोसावयाचा असतो.

काळ्या कातळाखाली काय आहे?

सान्निध्याचा हा सगळा विचार खरा असला, तरी बाजारपेठ वायू निर्माण करू शकत नाही. वायूसाठी सेंद्रिय द्रव्य गाडले गेलेला गाळाचा खडक हवा, त्याला पुरेशी उष्णता मिळालेली हवी, वायू साठण्यास सच्छिद्र खडक हवा आणि त्यावर अभेद्य झाकण हवे. वऱ्हाडात वरवर पाहता यांपैकी काहीच दिसत नाही. दिसतो तो लाव्हारसाचा काळा कातळ आणि पूर्णेच्या खोऱ्यात त्यावर साचलेली माती. हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर असा पसरला. प्रश्न आहे तो त्याच्याखाली काय झाकले गेले याचा.

काही झरोके आहेत. मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर, सालबर्डी हे महादेवाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण आहे. तेथे कातळाच्या खालचे गोंडवन व लॅमेटा काळातील गाळाचे खडक उघडे पडले असून त्यांत डायनासोरांचे अवशेषही मिळाले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी बैरम-बेलखेड भागातही कातळाखालील गाळाचे खडक दिसतात. या भागातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांची सहल तेथे अवश्य न्यावी. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केलेल्या खोल भूकंपलहरी सर्वेक्षणाची एक रेषा उज्जैनहून अकोला जिल्ह्यातील महानपर्यंत आली होती, तर दुसरी वर्धा जिल्ह्यातील पुलगावपर्यंत. या व नंतरच्या अभ्यासांवरून नर्मदा-तापी पट्ट्यात काही ठिकाणी कातळाखाली जाड गाळथर असावेत, असे अनुमान निघाले. सौराष्ट्रात लोधिका येथे तेल व नैसर्गिक वायू आयोगाने घेतलेल्या खोल विहिरीत कातळाखाली तसे थर प्रत्यक्ष लागले.

परंतु दुसऱ्या बाजूचे पुरावेही तितकेच बोलके आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे वैज्ञानिक विहीर खोदली. तेथे ३३८ मीटर कातळानंतर अवघा आठ मीटर गाळथर लागला आणि त्याखाली थेट प्राचीन ग्रॅनाइटी पाया. कोयना परिसरात तर नऊशेहून अधिक मीटर कातळ भेदल्यावर गाळाचा मागमूसही न लागता पाया हाती आला. म्हणजे कातळ जाड आहे म्हणून त्याखाली भांडार आहे, असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. सरकारी वर्गीकरणातही दख्खनचे हे क्षेत्र तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे संभाव्यता अद्याप सिद्ध व्हावयाची आहे अशा क्षेत्रांत मोडते. त्यातच हा कातळ भूकंपलहरींना विखुरतो आणि खालचे चित्र धूसर करतो. तबल्यावर जाड घोंगडी टाकून बोल ऐकण्याचा प्रयत्न करावा, तसा हा प्रकार आहे.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा ठरतो. खर्च मोठा, यशाची शाश्वती कमी आणि क्षेत्र अफाट अशा वेळी सगळीकडे थोडे-थोडे खोदणे म्हणजे पैशाची उधळपट्टी. प्रस्तुत लेखकाच्या मते वऱ्हाडात प्रथम जुन्या सर्वेक्षणांची फेरतपासणी करावी, मग गुरुत्व व विद्युत्-चुंबकीय मापने करून कातळाची जाडी कोठे कमी आहे ते पाहावे. ज्या ठिकाणी ही जाडी कमी, खाली गाळथराची शक्यता आणि मुख्य वाहिनी किंवा शहर जवळ, तेथेच पहिली विहीर घ्यावी. पूर्णेच्या उत्तरेकडील पायथ्याचा काही भाग भूशास्त्रीय दृष्ट्या आकर्षक वाटेल. पण त्याला लागून मेळघाटचे व्याघ्र क्षेत्र आहे आणि वाहिनी दूर आहे. तेथे घाई करण्याचे कारण नाही. पहिल्या विहिरीत वायू मिळाला नाही, तरी कातळाची जाडी व त्याखालचा खडक कळेल आणि पुढची जागा निवडताना ते ज्ञान कामी येईल. पहिली विहीर बाजाराजवळ असावी याचे आणखी एक कारण आहे. तेथे अल्पसा वायू मिळाला तरी तो विकून पुढील शोधाचा खर्च अंशतः तरी भरून निघतो. पश्चिम बंगालमध्ये राणीगंजच्या कोळशातील वायू आसनसोल-दुर्गापूरचे उद्योग शेजारी असल्यामुळेच २००७ पासून विकला जाऊ लागला. मध्य प्रदेशातील सोहागपूर क्षेत्राचे उत्पादन मात्र शहडोल ते फूलपूर ही ३०२ किलोमीटरची वाहिनी झाल्यावर, २०१७ मध्येच सुरू होऊ शकले.

जमीन, पाणी आणि ग्रामपंचायत

बाजारपेठेजवळ शोध घ्यायचा म्हणजे ओलिताच्या, बागायती आणि वस्तीच्या जमिनीत घ्यायचा. येथे ग्रामपंचायतींचा संबंध येतो आणि या बाबी आधीच माहीत असणे हिताचे आहे.

मुख्य वाहिनी महामार्गाच्या पट्ट्यातून गेल्याने शेतजमिनीचा प्रश्न बराच टळला. शाखा मात्र शेतांतूनच जातील. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांविषयीच्या कायद्यान्वये जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते; शासन केवळ वापराचा हक्क संपादन करते. वाहिनी पुरल्यावर त्यावर ज्वारी, कापूस, सोयाबीन, तूर घेता येते. परंतु त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. मोर्शी-वरूडच्या संत्राउत्पादकाला यातील शेवटची अट किती जड आहे, हे सांगायला नको. कापसाच्या शेतकऱ्याचे एका हंगामाचे नुकसान होते, संत्र्याच्या शेतकऱ्याचा तो पट्टा कायमचा बागेतून वजा होतो. उभ्या झाडांची व पिकांची भरपाई निराळी मिळते. वापरहक्काचा मोबदला मात्र कायद्याने जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के ठरविला आहे. कोरडवाहू शेताला आणि फळबागेला एकच मापदंड लावणे न्याय्य वाटत नाही. मार्ग आखतानाच बागा टाळणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. त्यासाठी तलाठ्यांच्या पीकनोंदी अद्ययावत हव्यात. सात-बाऱ्यावर ‘पडीत’ दिसणारी जमीन प्रत्यक्षात चार वर्षांची संत्राबाग असेल, तर नकाशावर रेघ मारणाऱ्याला दोष देता येणार नाही. अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे हरकत नोंदविता येते आणि भरपाई मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. अधिसूचना राजपत्रात छापली जाते, चावडीवर ती पोचेलच असे नाही. म्हणून ग्रामसेवकांनी तिच्यावर लक्ष ठेवावे.

पाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पूर्णेच्या खोऱ्यात मातीचा थर काही ठिकाणी चारशे मीटरच्या आसपास जाड आहे आणि त्यातील पाणी मोठ्या क्षेत्रात खारे आहे. खारपाणपट्ट्यातील माणसाला कोणत्या खोलीवर गोडे पाणी लागते आणि कोठून मचूळ सुरू होते, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने झालेले असते. खोल विहीर या थरांना भेदून खाली जाते. तिच्याभोवती पोलादी नळी बसवून बाहेरची पोकळी सिमेंटने नीट भरली नाही, तर खारे पाणी गोड्या थरात शिरू शकते. एकदा असे झाले की ते दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य होय. तेव्हा अशी विहीर खोदण्यापूर्वी आसपासच्या गावांतील विहिरींच्या पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून तपासून घ्यावेत आणि त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. काम झाल्यावर वाद उद्भवल्यास तोंडी साक्षीपेक्षा हा कागद उपयोगी पडेल.

उत्पन्नाविषयीही स्पष्टता हवी. जमिनीवरील तेल-वायूच्या खाणपट्ट्याचे स्वामित्वधन राज्य शासनाला मिळते आणि वायूसाठी ते विहिरीच्या तोंडाशी असलेल्या किमतीच्या दहा टक्के असते. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशामुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे पैसा येतो, तसा येथेही येईल अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरेल. कारण ती तरतूद ज्या कायद्यात आहे त्याच्या व्याख्येतून खनिज तेल व वायू वगळलेले आहेत. वायू निघणाऱ्या तालुक्याला वाटा हवा असेल, तर त्याची मागणी राज्याच्या अर्थसंकल्पाकडे करावी लागेल, आणि ती वायू निघण्यापूर्वी करणे शहाणपणाचे.

सर्वेक्षणाची पथके बहुधा लहान छिद्रे पाडून त्यांत सौम्य स्फोट घडवितात किंवा जमीन थरथरविणारी जड वाहने फिरवितात. कापूस-तूर निघाल्यावर आणि मृगाच्या पेरणीपूर्वी, म्हणजे मार्च ते मे या काळात हे काम झाले तर पिकांचे नुकसान टळते. जिल्हा प्रशासनाने परवानगी देताना ही मुदत लेखी घालावी, आणि विहिरींपासून किती अंतर सोडायचे तेही त्यात नमूद करावे. एखाद्या विंधण विहिरीतून बुडबुडे येऊ लागले किंवा पाण्याला वास येऊ लागला, तर काडी पेटवून पाहण्याचा मोह आवरावा. गाळात कुजलेल्या पालापाचोळ्यापासूनही ज्वालाग्राही वायू होतो आणि त्याचा खोल साठ्याशी काही संबंध नसतो. तरीही विहिरीची खोली, दिनांक आणि ठिकाण टिपून तहसील कार्यालयास व भूजल सर्वेक्षण यंत्रणेस कळवावे, आणि त्या विहिरीवर झाकण ठेवून मुलांना तिच्यापासून दूर ठेवावे.